नानांच्या नावाची फाईल

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी त्याला चहा पाजून गप्प करायची. आज स्वतःच लिहायला बसलेय... हसायचं तर हसा.

चौसाळ्यात हायवेलगत जनावरांच्या औषधांचं आमचं केंद्र आहे. तिथला कॉम्प्युटर मी बघते. माझ्या आधी नाना कंपाउंडर बघायचे. गेल्या पावसाळ्यात ते वारले, त्यांचं खातं मीच मशीनवरून काढून टाकलं. औषधाचा तक्ता झाला की तो ‘इन्स्टॉल’ कमांडनं काउंटरच्या फोल्डरमध्ये टाकायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. एका ओळीत कॉपीही होते आणि परवानगीही ठरते — ६४४ दिलं की फाईल सगळ्यांना वाचता येते, ६०० दिलं की फक्त फाईलच्या मालकाला. नाना आधी ६०० द्यायचे. ज्याची जनावरं, त्याला तक्ता मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मगच ६४४. मला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा.

त्या दिवशी सकाळी अकराला मेंढपाळ धोंडीराम काका जंताच्या औषधासाठी आले. आठ खंडी मेंढरं बाहेर रस्त्याकडेला उभी. केंद्राचे डॉक्टर फोनवर म्हणाले, “खंडीला एक बाटली.” मी बीड शहरात वाढलेली... खंडी म्हणजे दहा असतील, असं मनानंच धरलं. बाटली दहांत वाटून दर मेंढराचा डोस काढला आणि थेट ६४४ देऊन कमांड चालवली.

काउंटरवरच्या पोरानं हाक मारली, “मॅडम, फाईल उघडेना!”

बघते तर परवानगी ६००. आणि मालकाच्या रकान्यात — नाना!

फाईल पुसली, पुन्हा टाकली. तेच. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बघून टाइप केलं... तेच! युजरची यादी काढली, तर तिच्यात नाना नव्हतेच.

“पोरी, कावून थांबीवलं? मेंढरं उन्हात तापायलीत,” काका दारातून म्हणाले.

काउंटरवर तक्ता उघडत नव्हता, म्हणून माझ्याकडच्या मूळ फाईलवरून वाचायला लागले, “आठ खंडी, म्हणजे ऐंशी मेंढरं, दर मेंढराला...”

“ऐंशी? अगं, खंडी ईसाची अस्ती! एकशेसाठ हायेत माझी. डबल औषिद पाजलं अस्तं की म्या!”

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “एकीलाही पाजलं नाही ना? गाभण मेंढ्या हातच्या गेल्या असत्या.”

तक्ता दुरुस्त केला आणि तीच कमांड चालवली. फाईल पहिल्या झटक्यात ६४४ नं बसली. मालकही नेहमीचा.

माझा भाऊ पुण्यात सिस्टीमचंच काम करतो. त्याला सगळे लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेल्या नोंदी, पाठवले. “ताई, तू तिन्ही वेळा ६४४च दिलंयस. असं होऊच शकत नाही,” एवढंच तो म्हणाला. मलाही अजून काही उलगडलेलं नाही.

काका परवा येऊन गेले. मेंढरं ठणठणीत आहेत म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना... फाईल पहिल्याच वेळी उघडली असती, तर मी त्यांना एक अक्षरही वाचून दाखवलं नसतं.