हॉल लहान पडतोय

तोंडाने घोटाळे करणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी पायांनी केला. आता काय सांगू, मुलीचं ठरलेलं लग्न मोडायचंच बाकी होतं.

मुलगा तिनेच पसंत केलेला. आम्ही फक्त गंगापूर रोडला त्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि काही बिघडवायचं नाही. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यापासून बायको बजावत होती, "एका जागी बसा. पुस्तकातलं काही काढू नका."

बसलो. पण समोर भिंतीवर इम्प्रेशनिस्ट पद्धतीचं नदीकाठाचं चित्र. अख्खी नोकरी फायलींच्या आड चित्रकलेची पुस्तकं वाचण्यात गेलेल्या कारकुनाला बसवेल का?

उठलो. नाक टेकेल इतका जवळ गेलो. नुसते रंगाचे फटकारे. चार पावलं मागे आलो, तर पाणी हलायला लागलं. पुढे गेलो, फटकारे. मागे आलो, पाणी.

भावी व्याही माझ्या पावलांकडे बघत होते. "सोळा बाय बारा आहे," ते म्हणाले.

माझं लक्ष कुठे? मागे सरकत सोफ्याला पाठ लागली. अजून थोडं लांब जायला हवं होतं.

"छे, हॉल लहान पडतोय," मी पुटपुटलो.

पोह्यांच्या बशांतले चमचे थांबले.

"दोन बेडरूम पण आहेत," व्याही म्हणाले. "त्याही मोजून घ्या."

"तिथून काय दिसणार?"

"गोदावरी दिसते," विहीणबाई म्हणाल्या.

"ती नको हो. आणखी पाच-सहा फूट इथेच मिळाले असते तर..."

"साहेब, ऐपतीप्रमाणे घेतलाय फ्लॅट."

"बाबा," मुलगी म्हणाली. डोळ्यांत पाणी. हे मात्र लांबून, जवळून, कुठूनही सारखंच दिसत होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. व्याह्यांचा हात धरला, चित्राला नाक लावायला लावलं आणि तसंच मागे चालवत सोफ्यापर्यंत आणलं.

"अरेच्चा," ते म्हणाले, "हलतंय की. आम्ही तर ओल झाकायला लावलं होतं."

मग दोघं पुढे-मागे. बायकांनी पोहे संपवले.

लग्न झालं. व्याह्यांनी आठवण म्हणून तेच चित्र मला भेट दिलं. आमचा हॉल त्यांच्या निम्मा. पाणी हलताना बघायचं तर दार उघडून जिन्यात उभं राहावं लागतं.

समोरचे जाधव रोज विचारतात, "काय काका, काकूंनी आज परत बाहेर काढलं?"