दोन वर्षांची वेठ

"पँट वर कर," अप्पा म्हणाले.

मी वर केली.

"तशी न्हाई. पाय काढ की. काढून दाखव."

मी पट्टा सोडला. नकली पाय काढून बाजूला ठेवला. खुंटावरचा मोजा काढला. अप्पांनी हातातला फोन वाकवला आणि माझ्या गुडघ्याखाली धरला. फोनमध्ये त्यांचं सिंगापूरचं घर दिसत होतं. मुलगा, सूनबाई आणि मागं उभा असलेला नातू.

"बघ बाई, नीट बघ," अप्पा सुनेला म्हणाले. "पोराला फौजेत धाडायला निघालीस न्हवं? हे असं हुतंय."

"अप्पा, जरा जवळ धरा," मुलगा म्हणाला. "उजेड कमी आहे."

अप्पांनी जवळ धरला. मी खुर्ची उजेडाकडं सरकवून घेतली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. ती खुर्चीही माझीच, गेटवरची, प्लास्टिकची. अप्पांच्या हॉलमध्ये सोफे होते. पण मला आत बोलावलं तेव्हा माझ्या मागोमाग माझी खुर्चीही आत आणली होती.

फोनमधला नातू पुढं आला. अठराव्यात पडलेला, उंच पोरगा. माझ्याकडं बघून अडखळत म्हणाला, "अंकल, दुखतं का?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पाच बोलले. "तेला काय दुखतंय. त्या लोकांला सवय असती. तू तुझं बघ."

मला काही वाटलं नाही. खरंच सांगतो. अपमान झाला की रक्त उसळतं म्हणतात, माझं काही उसळलं नाही. सुरुंग फुटला तेव्हाही पहिल्यांदा काहीच वाटलं नव्हतं. बूट कुठं गेला एवढंच बघत होतो. त्या दिवशी हॉलमध्ये मी फरशी बघत होतो. चांगली पुसलेली होती.

मी तेव्हा बीदर जिल्ह्यात, हुमनाबादला अप्पांच्या डाळ मिलच्या गेटवर पहाऱ्याला होतो. त्याआधी सैन्यात होतो. आमचं मूळ गाव मंठाळच्या बाजूला, अप्पांचंही तेच. ते गावचे जमीनदार, आम्ही गावाबाहेरच्या वस्तीतले. आजोबांनी निजामाच्या काळात त्यांच्या घरची वेठ केली. पुढं धम्म घेतला आणि ती सोडली. आपल्या वाट्याला ती आली नाही, असं मी समजत होतो.

नातवाची भानगड अशी होती. तो जन्मला अमेरिकेत, म्हणून तिथला पासपोर्ट. मग आईबाप सिंगापूरला गेले, तिथलं नागरिकत्व घेतलं, ते पोरालाही मिळालं. एका पोराला दोन देश. अप्पांना त्याचं केवढं कौतुक. मिलवर येणाऱ्या अडत्याला, लॉरीवाल्याला, चहावाल्याला धरून सांगायचे, "आमच्या नातवाला दोन दोन सरकारं आपलं म्हणतेत." आता त्यातल्या एकानं खरंच आपलं म्हटलं. सिंगापुरात पोरगा अठराचा झाला की दोन वर्षं सक्तीची फौज. दुसरा पासपोर्ट दाखवून सुटका नाही. तिथलं नागरिकत्व सोडतो म्हटलं, तर आधी ही दोन वर्षं भर आणि मग सोड. गेलाच नाही, तर पुन्हा तिथं पाऊल टाकलं की धरणार.

सूनबाईंचं म्हणणं, जाऊ द्या. तो तिथं वाढला, तिथं शिकला, त्याचे सगळे मित्र जाणार, तिथं मंत्र्याचा पोरगाही जातो. अप्पांचं म्हणणं, अमेरिकेला पाठवा, नाहीतर इकडं आणा, पण फौजेत नाही. मुलगा दोघांच्या मध्ये, बापाच्या बाजूला जरा कललेला. म्हणून सुनेला भेडवायला माझा पाय.

मी मोजा चढवत होतो तेव्हा अप्पा फोनवर ओरडले.

"दोन वरसं वेठ करून घ्यायलेत पोराकडून! आपल्या घरच्या पोरानं वेठ करायची? कुणाच्या बी शेजारी झोपायचं, कुणाच्या बी संगं जेवायचं, संडास बी धुवायचं म्हणं! कामून? आपल्याला काय कमी हाय?"

वेठ. हा शब्द, त्या तोंडातून.

आमच्या भागात तिला कन्नडात बिट्टी म्हणतात, तेलुगूत वेट्टी. भाषा तीन, पाठ आमचीच. आजोबा त्या घरची लाकडं फोडायचे, मेलेली जनावरं ओढायचे, अप्पांच्या वडिलांच्या घोड्यापुढं पळायचे. त्यांच्यात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावोगाव सांगावा घेऊन चालत जायचे. पगार नाही. रजा नाही. दोन वर्षांनी सुटका नाही. जन्मभर करायची, मग पोरानं करायची. सिंगापूरचं सरकार या पोराला पगार देणार, गादी देणार, पोटभर जेवू घालणार, सुट्टीला घरी सोडणार. याला अप्पा वेठ म्हणत होते. डोळे भरून आले होते त्यांचे. खोटं रडत नव्हते, हेच वाईट.

मी नकली पाय चढवला. खुर्ची उचलली. गेटवर आलो. तुरीची एक लॉरी हॉर्न वाजवत उभी होती, तिला आत घेतलं.

आम्ही मिलच्या आवारातल्याच एका खोलीत राहायचो. मी, बायको आणि बारावीतली पोरगी. संध्याकाळी घरी गेलो तर पोरीला कळलेलं होतं. हॉल पुसणाऱ्या बाईनं सांगितलं असणार.

"पप्पा, तुमी पाय काढून दाखवलाव?"

"व्हय."

"कामून?"

"अप्पा म्हणले."

ती पुस्तकात बघत राहिली. मग म्हणाली, "मला तर कधी बघू दिला न्हाई."

खरं होतं. पोर लहान असताना घाबरेल म्हणून मी भिंतीकडं तोंड करून पाय काढायचो. ती मोठी झाली तरी तसंच चालू राहिलं. माझ्या लेकीनं जे कधी पाहिलं नव्हतं, ते मी फोनमधल्या परक्या माणसांना उजेडात धरून दाखवून आलो होतो. तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. ती लाज अजून गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटत नाही.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. मी बीदरला भरती झालो, तेव्हा अप्पा म्हणाले होते, "बरं झालं, पोटाला लागला." पाय घालवून आलो तेव्हा म्हणाले, "आता आमच्या गेटवर बस." अप्पांनी उपकार केले असं सगळं गाव म्हणालं. मीही म्हणालो. पेन्शन होती, उपाशी मरत नव्हतो, तरी बसलो. दर पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला अप्पा झेंडा चढवायचे आणि मी वर्दी घालून त्यांच्या शेजारी सलाम ठोकायचो. फोटो निघायचे. दारात हत्ती बांधावा तसा मी बांधलेला होतो. आणि मूर्खासारखा त्याला मान समजत होतो.

फौजेत सगळं गोड होतं असं नाही. तिथंही आडनाव ऐकून गप्प होणारे भेटले. माझा पाय गेला तो सुरुंगही शत्रूचा नव्हता. आपल्याच लोकांनी सरहद्दीच्या कुंपणाजवळ पुरलेला, पावसात सरकून पायवाटेवर आलेला. शौर्याची गोष्ट म्हणून सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण बराकीत माझ्या खाटेशेजारी कोण झोपणार हे माझ्या जातीवरून ठरत नव्हतं. ताटं एकाच ढिगातून उचलायचो. पाय उडाल्यावर मला पाठीवर घेऊन पळाला तो मोठ्या घरचा पोरगा होता. त्यानं आधी काही विचारलं नाही, नंतरही नाही. अप्पांना नातवाच्या पायाची काळजी होती हे खरं. पण त्याच्या शेजारी कोण झोपणार, याची काळजी त्याहून मोठी होती. हे मला गेटवर बसून बसून कळलं. उशिरा कळलं.

डिसेंबरच्या सुट्टीत सूनबाई आणि नातू हुमनाबादला आले. अप्पांनी पोराला समजवायला पाहुणे गोळा केले. दुपारी गेटवर निरोप आला. वर्दी घालून ये, मेडल लाव आणि हॉलमध्ये ये.

मी खोलीत गेलो. पेटी उघडली. वर्दी बघितली. पेटी बंद केली.

"जायलाव का?" पोरगी म्हणाली.

"जायलोय."

"दाखवायला?"

ते मलाच माहीत नव्हतं. हॉलच्या दारापर्यंत माहीत नव्हतं. नाही म्हटलं तर नोकरी जाणार, खोली जाणार. पोरीची परीक्षा तोंडावर. हो म्हटलं तर पुन्हा तिच्यासमोर येऊन जेवायला बसायचं. दोन्ही डोक्यात घेऊन चालत गेलो.

हॉल भरला होता. माझी खुर्ची आधीच मधोमध मांडून ठेवलेली.

"वर्दी कुठाय?" अप्पा म्हणाले.

"घातली न्हाई."

"बरं, ऱ्हाऊ दे. बस. पाय काढ."

मी बसलो नाही.

"न्हाई काढणार, अप्पा."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मग हसले. "कामून? दुखायलाय का?"

"दुखायचं नका इचारू. पाय माझा हाय. तुमच्या घरच्यांला भेडवायला न्हाई."

पाहुण्यांतला कुणीतरी खोकला. अप्पांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "लई शाणा झालास की रं! तुझ्या आज्यानं आमच्या बापाचा शब्द कधी खाली पडू दिला न्हाई. आन तू मला न्हाई म्हणायलास?"

आजोबांचं नाव काढलं नसतं तर मी कदाचित एवढं बोलून गेलो असतो. पण त्यांनी काढलं.

"आज्यानं वेठ केली, अप्पा," मी म्हणालो. "तेला कुणी इचारलं न्हवतं. मी फौजेत गेलो ते माझ्या पायानं गेलो. दोन्ही पायानं. ती वेठ न्हवती. वेठ ही हाय. तुमी आता सांगायलाव ती."

आवाज चढवला नाही. चढतच नव्हता. मग नातवाकडं वळलो. तो माझ्याकडंच बघत होता. "तू जा, न्हाईतर जाऊ नको. तुझं तू ठरीव. भ्याव वाटत असलं तर वाटू दे, मला बी वाटलं हुतं. पण माझ्या पायाला इचारून ठरवू नको."

सूनबाई खाली बघत होत्या. पोराला पाठवायचं म्हणून सासऱ्याशी भांडणाऱ्या त्या बाई माझ्यासाठी एक शब्द बोलल्या नाहीत, फोनवरही नाही आणि समोरही नाही. त्यांचा मला राग आहे. तो मी लपवत नाही.

"खोली खाली कर," अप्पा म्हणाले. "आजच्या आज."

"करतो."

खुर्ची तिथंच ठेवून बाहेर आलो. वाटलं होतं, असं काही बोलल्यावर छाती भरून येते. नाही आली. आधी खोलीवर गेलो आणि बायकोला सांगितलं, भांडी बांध. तिनं कारण विचारलं नाही. पोरीनं पुस्तकं गोणीत भरली.

बसस्टँडच्या मागं एक खोली मिळाली. शेजारी ढाबा, दिवसभर हायवेचा आवाज. त्या आवाजात पोरगी अभ्यास करते. वस्तीतले दोघं मुद्दाम गावाहून आले आणि म्हणाले, माफी माग, मोठ्या माणसाशी वाकडं नको. मी त्यांना चहा पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं. नातू फौजेत गेला की नाही मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. त्याचं त्यानं बघावं.

नव्या खोलीत मी पोरीकडं तोंड करून पाय काढला. ती बघत राहिली. मी म्हणालो, थंडीत हा लई ठणकतो. एवढी वर्षं हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

सव्वीस जानेवारी जवळ आली तसा मिलचा मुनीम आला.

"अप्पांचा राग गेला बघ. वर्दी घालून ये झेंड्याला. खोली बी परत घे म्हणलेत."

"न्हाई येत."

"कामून? देशाचं काम हाय की."

"देशाचं मी केलंय. हे अप्पांचं हाय."

तो गेला.

काम करीन. पहारा करीन, हिशेबानं पगार ठरवून कुणाच्याही गेटवर बसेन. पण हुकूम म्हणून, रीत म्हणून, तुझा आजा करायचा म्हणून कुणी बोलावलं, तर माझ्या घरातलं कुणी उठणार नाही. मी नाही, बायको नाही, पोरगी नाही. कायद्यानं वेठ केव्हाच बंद झाली म्हणतात. आमच्या घरात ती या डिसेंबरात बंद झाली. ती पुन्हा चालू करायला जो येईल, त्याची गाठ माझ्याशी आहे.