मेणकागदाचे कंदील

पिंपरीत आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं देऊळ नव्हतं. रेल्वेलगतच्या एका बराकीत उपासना व्हायची आणि तिथेच रविवारी मी मुलांना शिकवायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलं कागदी कंदील घेऊन, गाणी म्हणत मुंबई रस्त्यापर्यंत फेरी काढत. कंदील आम्हीच करायचो. कामट्यांचा सांगाडा, मैद्याची खळ, पतंगाचा कागद आणि आत मेणबत्तीचा तुकडा.

पहिल्या वर्षी रस्त्यावरच्या वाऱ्याने निम्मे कंदील फाटले, एक तर पेटलाच. मुलं रडत परतली. पुढच्या नाताळाआधी मी यजमानांना सहज म्हणाले, "जरा दणकट कागद मिळाला तर बरं होईल."

हे जवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. चार दिवसांनी त्यांनी सदऱ्याच्या आतून मेणकागदाची गुंडाळी काढून खाटेवर ठेवली आणि माझ्याकडे बघून हसले. कुठून आणला, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. कागद मात्र मला फार आवडला.

आमच्या शेजारी परभणीकडचं एक हिंदू कुटुंब राहायचं. नवरा त्याच कारखान्यात गोदामात मदतनीस होता. त्यांची नऊ वर्षांची मुलगी कंदील करायला आमच्यात येऊन बसायची. खळ तिच्यासारखी एकसारखी कुणालाच लावता येत नसे. तिनेच विचारलं, "बाई, ह्याच्यावर निळं काय छापलंय?"

कारखान्याचा शिक्का होता तो.

"ती बाजू आत घे," मी म्हणाले.

तिने लगेच बाकीच्या मुलांना बजावलं, "निळं आत घ्यायचं, बाईंनी सांगितलंय."

त्या संध्याकाळी वारा आला, पण एकही कंदील फाटला नाही. मुलं खुशीत होती. अंधार पडला तशी आतल्या उजेडात कागदावर निळी, उलटी अक्षरं दिसू लागली. मला ती आधी त्या मुलीच्या कंदिलावर दिसली. मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ शेजारून गात चालले होते. ते कारखान्यात सुपरवायझर होते. ते गाता गाता थांबले. वाकून त्यांनी कंदील नीट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. फेरी संपेपर्यंत ते पुन्हा गायले नाहीत.

नाताळची सुट्टी संपली आणि शेजाऱ्याला कारखान्याच्या गेटवर अडवलं. गोदामातला कागद बाहेर गेला, आणि तुझ्याच मुलीच्या हातात दिसला, असं त्याला सांगितलं. चौकशी होईपर्यंत त्याने रोज येऊन गेटपाशी उभं राहायचं. त्याची बायको माझ्या दारात आली.

"बाई, कागद तुमीच दिला होता ना पोरीला? मग तेवढं सांगा की त्यांना."

"सांगते," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

हे घरी आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही जाऊन सांगून टाका."

"आणि मला काढलं म्हणजे? पोरांना घेऊन परत नगरला जायचं? त्याच्याविरुद्ध पुरावा काय आहे? सोडतील दोन दिवसांत."

मला ते पटलं नाही, पण बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आली. तिने आपला कंदील उंबऱ्यावर ठेवला.

"आई म्हणाली, हा तुमचा आहे."

मी डोक्यावर पदर घेतला आणि तशीच सुपरवायझरांच्या घरी गेले. ते कामावर निघतच होते.

"सलाम, बाई," त्यांनी मंडळीतल्या रीतीप्रमाणे म्हटलं.

"कागद आमच्या घरातून आला," मी म्हणाले. "ह्यांनी आणला. आणि मला ठाऊक होतं."

ते खाली बघत बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिले.

"मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. "पण आपल्या मंडळीतल्या माणसाचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. पण तो कोणत्या तोंडाने बोलून दाखवणार?

त्याच दिवशी शेजाऱ्याला कामावर घेतलं आणि ह्यांना काढलं. हे मला एवढंच म्हणाले, "निदान सांगून जायचं होतंस." पुढे महिनाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मग दापोडीत एका लाकडाच्या वखारीत ह्यांना काम लागलं आणि आम्ही खोली सोडली.

निघायच्या दिवशी मी शेजाऱ्यांकडे गेले. त्याच्या बायकोने बस म्हटलं नाही. मी माफी मागितली.

"झालं ते झालं, बाई," तो म्हणाला. "पण तीन दिवस गेटातून गेलेल्या हरेक माणसानं मला बघितलंय. त्या सगळ्यांना कोण सांगत बसणार?"

मुलगी आत पीठ मळत होती. मी तिला हाक मारली. तिने मान वर केली नाही. मग बाहेरून टांगेवाला ओरडला, तशी निघाले.