कोळंबी कारखान्यातील मुकी बोली

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नंदा जाधव हिने सतरा वर्षे कोळंबी सोलली. बर्फाच्या यंत्रांची तेथे अशी अखंड घरघर चाले की, शेजारणीशी बोलायचे तरी ओरडावे लागे. आणि ओरडले की मुकादम खेकसे. म्हणून तेथील बायकांनी आवाज न काढता, केवळ ओठ हलवून बोलण्याची रीत पाडली होती. नव्या बाईला ती अंगवळणी पडायला दोन वर्षे सहज लागत.

२००५ साली नंदाची बहीण मेहुण्यांच्या मागोमाग वारली आणि सात वर्षांची तेजल मावशीच्या पदरात आली. आईबापांना झालेली एचआयव्हीची लागण पोरीलाही जन्मापासून होती. तिचे कान सतत वाहत, आणि नंदा लसूण घालून कढवलेले खोबरेल इमानाने त्यांत सोडी. शाळेत सखाराम गुरुजी फळ्याकडे तोंड करून श्रुतलेखन घालत; तेजलची वही कोरी राही.

२००७ च्या मार्चमध्ये गुरुजींनी नंदाला बोलावून सांगितले, "बाई, हिला तिसरीतच ठेवावं लागेल. खरं तर मतिमंदांच्या शाळेत घाला."

नंदाला ते पटले. आजार रक्तातून डोक्यात चढला, अशी तिची केव्हाचीच समजूत झाली होती.

त्या रविवारी जादा काम निघाले, म्हणून तेजलला तिने बरोबर नेऊन दाराजवळ बसवले. पलीकडच्या टेबलावरून आफरीनने नुसत्या ओठांनी विचारले, "काय गो नंदे, मुकादम आज सुक्या बांगड्यासारखा का दिसतो?"

दाराजवळ तेजल फसकन हसली.

नंदाचे हात थांबले. तिनेही ओठच हलवले, "तुला काय कळलं?"

"मुकादम सुका बांगडा," तेजल म्हणाली.

मग एकेक बाई उठली. कोणी लांबून बोलली, कोणी मान तिरपी करून. पोरीने प्रत्येकीला बिनचूक उत्तर दिले.

"कोणी शिकवलं हिला?" आफरीनने विचारले. "मला तर दोन वर्षं तुमच्या शिव्यासुद्धा कळत नव्हत्या."

कोणीच शिकवले नव्हते. जिला आपण मंद समजलो, ती माणसांच्या चेहऱ्यांवरून एकेक शब्द वेचीत एकटीच एवढी भाषा शिकली, आणि सारे जग असेच ऐकते असे समजून कोणाजवळ बोललीही नाही! नंदा तिच्याकडे पाहतच राहिली.

सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी तेजलचे कान तपासले. दोन्ही पडद्यांना भोके होती. "या आजारात मुलांचे कान लवकर सुकत नाहीत, ऐकणं कमी होत जातं," ते म्हणाले. "तेल आधी बंद करा."

दुसऱ्या दिवशी नंदा वर्गाच्या दारात उभी राहिली. "गुरुजी, हिच्यासमोर बसा आणि आवाज न काढता दहा शब्द सांगा."

गुरुजींनी कपाळाला आठी घातली, पण सांगितले. तीन शब्द लिहून तेजल थांबली.

"का गं?"

"शब्द मिशांत अडकतात."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. दोन बोटांनी झुपकेदार मिशा वर धरून त्यांनी उरलेले सात शब्द सांगितले. सातही बरोबर आले. त्यांनी वही हातात घेतली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

तेजल वर्गाबरोबर चौथीत गेली. त्या प्रसंगानंतरच्या सोमवारीच गुरुजी मिशा उतरवून आले, आणि निवृत्त होईपर्यंत फळ्याकडे तोंड करून त्यांनी एक वाक्यही उच्चारले नाही.