चौदा नंबरची ओळ

मादाम नजीबांनी आमच्या दवाखान्याचं नेटवर्क एकोणीस वर्षं सांभाळलं आणि एकोणीस वर्षं आमचं डोकं खाल्लं. गाफ्सा शहरात त्यांच्याइतकी कटकटी बाई दुसरी नव्हती. मी समोरच्या टेबलावर बसायचो, म्हणून माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं. कोणी यंत्रात काही बदललं की त्यांचा एकच प्रश्न असे: का?

"काय केलंस ते यंत्रच सांगतं," त्या म्हणायच्या. "का केलंस ते फक्त तुला ठाऊक. आणि तू काही अमरपट्टा घेऊन आलेला नाहीस."

त्यांची एक जाड वही होती. दर पोर्टला, म्हणजे तार जोडायच्या खाचेला, एक ओळ, ओळीत कारण. तिसरा बंद, कारण एक्स-रेच्या भिंतीत पाणी मुरतं. सातव्याचा पत्ता कायमचा, कारण रक्त तपासायचं यंत्र जुनं आहे, पत्ता बदलला की हरवतं. पहिल्या पानावर लाल शाईत नियम होता: ज्या बदलापुढे कारण नाही, तो काढून टाका.

मी एकदा नुसतं 'हात लावू नये' लिहिलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली. "हे कारण आहे होय रे, लजहर? का लावू नये ते कोण लिहिणार, तुझी आजी?"

वसंतात त्या निवृत्त झाल्या. निरोपाला बदाम घातलेला चहा झाला आणि त्यांनी वही वजदीच्या हातात दिली. वजदी स्फाक्स शहरातून आलेला इंजिनिअर, सरळ माणूस. त्याने वही मनापासून घेतली. आमच्यात तोच एकटा असं करणारा होता.

शरद ऋतूत तो एकेक पोर्ट वहीशी ताडून पाहू लागला. चौदाव्याचा वेग मुद्दाम कमी बांधलेला होता.

"लजहर, चौदावर काय आहे?"

"वहीत बघ की," मी मान वर न करता म्हणालो.

वहीत कारण नव्हतं. नियमाप्रमाणे त्याने वेग मोकळा केला.

चौदावर ऑक्सिजनच्या टाकीची धोक्याची घंटा होती. सहाव्या दिवशी टाकीतला दाब उतरला आणि परिचारिकांच्या खोलीत काहीच वाजलं नाही. सिलिंडर वर नेईपर्यंत तिसऱ्या मजल्यावरचे अब्दुलहफीझ, निवृत्त पोस्टमन, गेले.

चौकशीला तिघं अधिकारी बसले होते. मादाम नजीबांना घरून बोलावलं. वजदीने वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

महामारीच्या वर्षातलं पान होतं, अक्षर त्यांचंच. '१४. हात लावू नये. नजीबा.'

मी जमिनीकडे बघत होतो. मलाही लाज वाटत होती; वजदीने विचारलं तेव्हा उठून चौदावर काय आहे ते बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

"वेग का बांधला होता, मादाम?" तिघांपैकी एकाने विचारलं.

"घंटेची पेटी जुनी आहे. जास्त वेगात तिला ऐकू येत नाही." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तेव्हा चार दिवस मी घरी गेले नव्हते. म्हटलं, सकाळी लिहीन."

त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि त्या ओळीवर टेकवलं.

"आता त्यात लिहू नका, मादाम," तो अधिकारी म्हणाला. "वही पुराव्यात जमा झाली आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.