तिसऱ्यांदा पायऱ्या उतरताना

शिरूरला तलवारबाजी शिकवणारे सर कुणालाच दुखतंय का म्हणून विचारत नाहीत. निवड चाचणीच्या तोंडावर पोरं खोटं बोलतात, हे त्यांना ठाऊक आहे. ते नुसते हॉलच्या पायऱ्या उतरायला लावतात आणि पुढच्या पायाचा गुडघा बघत राहतात. झेप घेताना सगळा भार त्याच्यावरच येतो.

काल माझी लेक सरळ उतरली.

"परत," सर म्हणाले.

तिसऱ्यांदा तिचा हात भिंतीला टेकला. सरांनी तिची तलवार काढून घेतली.

"उद्या दौंडला चाचणी हाय, सर," मी म्हणाले. सकाळी तिच्या गुडघ्याला बर्फ मीच लावला होता.

"व्हय ताई. म्हणूनच बघितलं."

मग तलवार काखेत धरून ते खाली निघाले, भिंतीला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.