सहा घरांचा साचा

माझी पत्नी जाऊन सात महिने झाले. भेटायला येणारी माणसं अजूनही येतात, चहा घेतात आणि तिच्या मांड्यांविषयी बोलतात. खापरावर तिच्यासारखा मांडा कोणाला जमला नाही, हे खरंच आहे. पण ती बंदुकीच्या गोळ्याही फार चांगल्या ओतायची, हे कोणी बोलत नाही. बोलणार कसं, त्यांना ते माहीतच नाही. म्हणून लिहून ठेवतो.

तिचं माहेर पारोळ्यापासून दोन कोसांवर. आबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग गोळी, आणि गजानं ठासायचं. भुईमुगात रानडुकरं शिरली की आबा बंदूक उडवत. डुकरं पळत आणि आबा ‘एखादं लागलं असावं’ म्हणत घरी येत. लागलेलं डुक्कर मी कधी पाहिलं नाही. पण बंदुकीमुळे आबांना गावात मान होता, आणि दरसाल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला ती पारोळ्याच्या पोलीस ठाण्यात नेऊन दाखवायची, तेव्हा ते धुतलेलं धोतर नेसत.

गोळ्या घरीच ओतायच्या. भाऊ शेतात असत, म्हणून ते काम लहानपणापासून हिच्याकडे आलं होतं. साचा लोहाराकडून करून घेतलेला, सांडशीसारखा, दोन लाकडी मुठींचा. आत सहा घरं. एका वेळी सहा गोळ्या.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, सत्तर सालाच्या आगेमागे. ती सणाला माहेरी गेलेली आणि मी तिला आणायला धुळ्याहून निघालेलो. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि सासरी माझा काही उपयोग नाही हे मला ठाऊक होतं. बैल जुंपता येत नव्हता, विहिरीत उतरता येत नव्हतं. आबांनी मागे एकदा शिसं मिळत नाही म्हणून कुरकुर केली होती, ते माझ्या लक्षात राहिलं. शाळेचा वार्षिक अंक जिथे छापून घ्यायचो त्या छापखान्यात झिजलेले खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे धातूचे ठसे, पडून होते. मालकानं डबाभर दिले. डबा इतका जड की एस.टी.च्या कंडक्टरनं आत काय आहे म्हणून दोनदा विचारलं.

“अक्षरं,” मी म्हणालो.

त्यानं डब्याचंही अर्धं तिकीट फाडलं.

मागच्या अंगणात तिनं तीन दगडांची चूल मांडली आणि वर एक काळी कढई ठेवली. ही कढई स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडत नसे. मी मदत करावी म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

“अहो, पाणी आधी लांब ठेवा,” ती म्हणाली. “एक थेंब त्यात पडला तर सगळं शिसं अंगावर उडेल.”

मी तांब्या लांब ठेवला आणि त्याच्याजवळच उभा राहिलो.

आधी तिनं घरातलं जुनं शिसं ओतलं. मेणबत्तीचा तुकडा कढईत टाकला, धूर निघाला, वर आलेली राख पळीनं काढून टाकली. साच्याच्या आतून दिव्याची काजळी फिरवली. मग पळीनं सहाही घरं भरली, क्षणभर थांबली, लाकडानं टिचकी मारून साचा उघडला. सहा गोळ्या गोणपाटावर पडल्या, म्हाताऱ्या माणसासारख्या सुरकुतलेल्या.

“बिघडल्या,” मी म्हणालो.

“साचा अजून तापला नाही. पहिला मांडा तरी कुठे धड निघतो? त्याला नावं नाही ठेवायची.” तिनं त्या सहाही परत कढईत टाकल्या. चौथ्या खेपेपासून गोळ्या अशा गुळगुळीत आणि चकचकीत पडायला लागल्या की मी एक उचलायला वाकलो.

“हात नका लाऊ, तपेल शे,” ती एकदम म्हणाली. धुळ्यात ती माझ्याशी पुस्तकासारखं शुद्ध बोलायची. माहेरी घाई झाली की अहिराणी बाहेर यायची. मी हात मागे घेतला.

मग माझे खिळे. ते शिशापेक्षा फार लवकर वितळले. पडलेल्या गोळ्या दिसायला आधीच्यांपेक्षा देखण्या होत्या. तिनं एक थंड होऊ दिली, अंगठ्याचं नख तिच्यावर ओढलं आणि मान हलवली.

“ओरखडा उठत नाही. हे शिसं नाही. आबांना विचारू या.”

“कठीण गोळी जास्त चांगली,” मी म्हणालो. “जरा विचार कर.”

तिनं विचार केला. ओट्यावर तिच्या दोन्ही भावजया निवडण-टिपण करत बसल्या होत्या आणि त्यांचे हात थांबले होते. माहेरी चारचौघींत नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच तिनं त्या वेळी पाहिलं. तिनं बारा गोळ्या ओतल्या आणि वेगळ्या पुरचुंडीत बांधल्या.

दुसऱ्या दिवशी बंदूक ठाण्यात न्यायची होती. आदल्या दुपारी सगळे आडवे झाले असताना मला वाटलं, आपली गोळी बसते का ते बघावं. बंदूक खुंटीवरून काढली. दारूचा प्रश्न नव्हता, नुसती गोळीच तोंडाशी ठेवली आणि गजानं लोटली. ती चार बोटं आत गेली आणि थांबली. मी जोर केला. ती आत जाईना. बंदूक उलटी करून आपटली. ती बाहेर येईना. तेव्हा शिकलेला माणूस जे करतो ते मी केलं. बंदूक होती तशी खुंटीला लावली आणि पुस्तक वाचत बसलो.

सकाळी आबा म्हणाले, “मास्तर, चला संगे. कागद वाचाले व्हई.”

एस.टी.त ठाण्यापर्यंत बंदूक आबांच्या दोन गुडघ्यांमध्ये होती आणि मी शेजारी. वाटेत खरं सांगून टाकण्यासारखी सात-आठ ठिकाणं आली. प्रत्येक ठिकाणी मी खिडकीबाहेर बघितलं.

जमादारांनी परवाना पाहिला आणि नळी रिकामी आहे ना म्हणून आत गज सोडला. गज चार बोटं जाऊन अडला. त्यांनी गज काढला, आबांकडे पाहिलं, पुन्हा सोडला. पुन्हा अडला. कोपऱ्यातला एक शिपाई सहज म्हणून बाहेर पाणी प्यायला गेला.

“आबा, भरलेली बंदूक ठाण्यात आणली?”

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी गज स्वतः घालून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांनी वाचलं.

“मन्ही चूक शे, साहेब,” आबा म्हणाले. “मीच ठासेल शे.”

“तुम्ही? इतकी वर्षं बंदूक वापरता, आणि गोळी तोंडातच?”

“वय व्हयनं.”

आबांचं वय तेव्हा पन्नासच्या आसपास होतं. जमादार म्हणाले, असं असेल तर बंदूक इथेच राहील. बंद नळीच्या बंदुकीवर परवान्याची सही करता येणार नाही, आणि हात थकले असतील तर परवानाही परत देऊन टाकलेला बरा. आबा खाली बघत होते. धोतराची घडी अजून मोडली नव्हती.

“मी ठासली,” मी म्हणालो. माझा आवाज वर्गात निघतो त्याहून लहान निघाला. “आत दारू नाही. नुसती गोळी आहे.”

“तुम्ही कोण?”

“जावई.”

“हां,” जमादार म्हणाले, जणू मी पुरावाच दाखल केला होता.

“तो नही, मी,” आबा म्हणाले.

“आबा, मी,” मी म्हणालो.

जमादारांनी गज टेबलावर ठेवला. “या खोलीत रोज माणसं ‘मी नाही, तो’ म्हणतात. ‘तो नाही, मी’ म्हणणारी आज पहिल्यांदा आली. दिवे लागायच्या आत नळी मोकळी करून आणा. नाही तर बंदूक जमा.”

परतताना खिडकीबाहेर आबा बघत होते. जावयाला रागवायचं नसतं, आणि दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतं. अंगणात ही पुढे आली. आबांनी तिला बंदूक दाखवली. तिनं नळीत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, “दारू घातली होती?”

“नाही.”

“नक्की?”

“दारू कशी घालतात ते मला माहीत नाही.”

“मग नक्की,” ती म्हणाली.

आबांना कानशीनं कोरावं की लोहार बोलवावा हे सुचत नव्हतं. ती चूल पेटवायला लागली होती. “ह्यांचे खिळे शिशाच्या आधी वितळतात,” ती म्हणाली. “काल पाहिलं मी.” आबांनी लाकडापासून नळी सुटी केली. तिनं नळीचा तोंडाकडचा भाग निखाऱ्यांवर खाली झुकवून धरला, टोक निखाऱ्यांबाहेर काढून त्याखाली कढई ठेवली, आणि मला तांब्यापाशी उभं केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक चकचकीत थेंब आला, मागोमाग बाकीचं सगळं, आणि कढईत टप्प असा आवाज झाला. आबांनी थंड झालेल्या नळीत फुंकर मारली. वारा मागच्या बत्तीच्या भोकातून निघाला.

दिवे लागायच्या आत ठाण्यात सही झाली. परतताना आबा एवढंच म्हणाले, “मास्तर, पुढली आखाजीले पुस्तक आनज्यात.”

खिळ्यांचा धातू थंड होताना शिशासारखा आकसत नाही, म्हणून गोळी जरा मोठी झाली, हे पुढे शाळेतल्या शास्त्राच्या शिक्षकांकडून कळलं. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, नखाला आधीच कळलं होतं. मग त्या दिवशी बोलली का नाहीस, असं मी विचारलं. “तुम्ही ठाण्यात आपली चूक बोलून दाखवणार आहात हे तेव्हा कुठे माहीत होतं,” ती म्हणाली. “नाही तर मीही बोलले असते.”

उरलेल्या अकरा गोळ्या तिनं धुळ्याला आणल्या आणि बैठकीच्या खोलीतल्या पडद्याच्या खालच्या पट्टीत शिवून टाकल्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून. पडदे बदलले तरी गोळ्या त्याच. वारा सुटला की भिंतीवर टकटक होते. परवा भेटायला आलेले एक गृहस्थ मांड्यांविषयी बोलता बोलता थांबले आणि कसला आवाज म्हणून विचारते झाले.

“बंदुकीच्या गोळ्या,” मी म्हणालो. “तिच्याच हातच्या.”

त्यांनी चहा लवकर संपवला.